भिडूला विचारायचं नाही

५ जानेवारी, बुधवार

सासूबाई गेल्यापासून आज पहिल्यांदा नानांनी मला आपणहून काही विचारलं. मी कपबशा पुसत होते आणि ते खिडकीशी उभे राहून ढग बघत होते. सगळी नोकरी हवामान खात्यात झाली, निवृत्त होऊनही जमाना लोटला, तरी माझ्या सासऱ्यांना आभाळावर नजर ठेवल्याशिवाय करमत नाही. मान न वळवताच म्हणाले, "तुला पत्ते येतात?"

"लहानपणी झब्बू खेळायचे."

"म्हणजे पानं हातात धरता येतात. पुष्कळ झालं."

नाना आणि सासूबाई ब्रिज खेळायचे. दर बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी, घड्याळांच्या दुकानावर जो क्लब आहे तिथे. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला प्रश्न पडायचा, ही दोघं आठवड्यातून दोनदा जिन्यातच का भांडतात? मग कळलं की ते भांडण नव्हे, 'तुम्ही तीन इस्पिकांवर पास का म्हणालात' ही चर्चा आहे. सासूबाई गेल्या आणि नानांचा क्लब सुटला. या खेळाला भिडू लागतो. समोर बसणारं आपलं माणूस नसेल तर टेबलापाशी जाऊन करायचं काय?

माझा नवरा सध्या इथे नाही. त्याला दुसऱ्या शहरात मोठी नोकरी लागली. आईच्या आजारपणात येऊनजाऊन होता, सगळं उरकल्यावर परत गेला. चांगलं घर मिळालं की मला बोलावणार आहे. तोवर मी आणि नाना. मी चष्म्याच्या दुकानात कामाला जाते, नाना ढग बघतात, आणि रात्री समोरासमोर बसून आम्ही जेवतो, चमच्यांचा जेवढा आवाज होईल तेवढ्या गप्पा मारत.

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर कीव आली म्हणून. आपण आज ना उद्या जाणारच आहोत, तोवर म्हाताऱ्याला जरा विरंगुळा. हे लिहायलाही आजच घेतलंय, शिकलेलं लिहून काढलं की डोक्यात राहतं.

९ जानेवारी, रविवार

डोकं भणभणलंय.

आपल्या हातात तेरा पानं. ती भिडूला दिसत नाहीत, त्याची आपल्याला दिसत नाहीत. तरी दोघांच्या मिळून किती हात होतील ते खेळण्याआधी बोलून दाखवायचं. आणि बोलायला शब्द फक्त पंधरा. एक ते सात आकडे, इस्पिक, बदाम, चौकट, किलवर, हुकूमच नको असेल तर नो ट्रम्प, वर पास, डबल आणि रिडबल. नानांनी बोटांवर मोजून दाखवले. मी म्हटलं, "नाना, तुम्हाला पुरत असतील एवढे, मला कसे पुरणार?" ते हसले. त्यांचं हसणं मी विसरूनच गेले होते.

बरं, पंधरा शब्द तरी सरळ असावेत? तेही नाही.

"मी एक नो ट्रम्प म्हटलं आणि तू दोन चौकट म्हणालीस, तर ती चौकट नव्हे. तुझ्याकडे बदाम आहेत असं मी समजणार."

"मग मी सरळ बदाम का म्हणू नये?"

"बदाम मी म्हणेन. म्हणजे डाव मी खेळणार. खेळणाऱ्याच्या भिडूची पानं टेबलावर उघडी मांडतात, त्यामुळे भारी हात झाकलेला राहिलेला बरा."

आणखी एक. टेबलावर चेहरा नाही, सुस्कारा नाही, भुवई नाही. आवाजही एकसारखा ठेवायचा. भिडूच्या मनात काय आहे ते फक्त त्याच्या बोलीवरून ओळखायचं.

"आणि नाही ओळखता आलं तर? तुम्हाला विचारायचं?"

"भिडूला विचारायचं नाही," नाना म्हणाले. "विरुद्ध बाजूचे दोघं विचारू शकतात. आपण नाही."

असला उफराटा खेळ मी बापजन्मात पाहिला नव्हता. पण रात्रीचे किती वाजले ते दोघांनाही कळलं नाही.

१९ जानेवारी, बुधवार

क्लबात पहिली संध्याकाळ. लांबट खोली. खालच्या दुकानातली घड्याळं ठोके देत असतात आणि एकाचं दुसऱ्याशी पटत नाही. टेबलांवर हिरवं कापड, वर खाली ओढलेले दिवे. उजेडात फक्त हात दिसतात, चेहरे सगळे अंधुक. कोणी बोलत नाही, बोललं तर पंधरातलाच एखादा शब्द. पाण्याच्या तळाशी जाऊन बसल्यासारखं वाटलं, आणि गंमत म्हणजे छान वाटलं.

विरुद्ध बाजूला दातांचे डॉक्टर आणि त्यांच्या बाई. नानांचे जुने दोस्त. तिसऱ्याच डावात मी माती खाल्ली. नानांनी एक नो ट्रम्प म्हटलं. माझ्या हातात सहा चौकट, लालबुंद ओळच्या ओळ. ती बघून मी हरखले आणि 'दोन चौकट' म्हणून मोकळी झाले. डॉक्टरांनी नानांना विचारलं, "सूनबाईंच्या बोलीचा अर्थ?" इथे तशी पद्धत आहे. बोली लावणाऱ्याला विचारत नाहीत, त्याच्या भिडूला विचारतात, आणि त्याने ठरलेला अर्थ सगळ्यांसमोर सांगायचा. नाना शांतपणे म्हणाले, "तिच्याकडे बदाम आहेत. किमान पाच."

चूक कळली, पण ती नानांच्या तोंडून कळली होती, आणि असं कानावर आलेलं वापरायचं नसतं. नाना म्हणाले, दोन बदाम. मी त्यांचं स्पष्टीकरण ऐकलंच नसतं तर काय समजले असते? की नानांकडेच बदाम आहेत. मग मी तेच समजून पास म्हटलं आणि पानं टेबलावर मांडली. बदामांत माझ्याकडे एकटी दुर्री. डॉक्टरांना हसू आवरेना.

मी मानलं बदाम नानांकडे, नानांना वाटलं माझ्याकडे, आणि होते डॉक्टरांकडे.

परतताना धुकं होतं. रस्त्यावरचे दिवे कापसात गुंडाळून ठेवल्यासारखे. मला वाटलं आता बोलणी बसणार. पण नाना म्हणाले, "चूक केलीस, पण चोरी केली नाहीस. बाकीचं शिकवता येतं." घरी येऊन मी उगाचच आरशात बघितलं.

३० जानेवारी, रविवार

त्याचा फोन आला. घरं बघतोय म्हणाला. मी ब्रिज शिकतेय हे सांगितलं तर म्हणाला, "छान झालं, तुला काहीतरी विरंगुळा झाला." त्याला बरं वाटलेलं आवाजावरून कळलं. मग म्हणाला, नानांकडे दे.

नाना फोन घेऊन गॅलरीत गेले आणि दार ओढून घेतलं. काचेतून दिसत होते. फारसे बोलत नव्हते, नुसते कानाला लावून उभे. आत आले ते मफलर तसाच गळ्यात ठेवून जेवायला बसले. बापलेकांत सासूबाईंची आठवण निघाली असणार. मी विषय काढला नाही.

पहाटे स्वप्न पडलं. मी दुकानात आहे, भिंतीवर अक्षरांची पाटी आहे, पण अक्षरांच्या जागी इस्पिक, बदाम, किलवर. खुर्चीत कोणीतरी बसलंय. मी त्याच्या डोळ्यांपुढची भिंगं बदलतेय आणि रोजच्यासारखं विचारतेय, हे स्पष्ट की हे? हे की हे? तो दर वेळी म्हणतो, पास. चेहरा काही दिसला नाही. जाग आली तेव्हा खिडकी नुकती निळी होत होती आणि मला कितीतरी वेळ कुठे आहे ते उमगेना.

१३ फेब्रुवारी, रविवार

आता मला बोली ऐकू येते. म्हणजे आवाज नव्हे, पलीकडची पानं. काल शनिवारी डॉक्टरीणबाई दोनदा पास म्हणाल्या आणि त्यांच्याकडे किलवरचा राजा नाही हे मला दिसलंच. नाना म्हणतात, पास हीसुद्धा बोली आहे. जो गप्प बसतो त्याच्याकडे काय नाही ते तो सांगत असतो, फक्त ऐकणाऱ्याने ऐकायला हवं. किती खरं आहे.

त्याचा मात्र दोन रविवार फोन नाही. कामाचा रगाडा असेल. नवी जागा, नवे साहेब.

रात्री जेवताना मी नानांना सहज विचारलं, "तो कधी बोलावेल असं वाटतं तुम्हाला? उन्हाळ्यापर्यंत?" नाना थांबले. इतके थांबले की पोळलेली जीभ मी पाण्याने निववली तरी ते थांबलेलेच. मग म्हणाले, "शक्यता आहे." हा त्यांचा खात्यातला शब्द. पाऊस डोक्यावर कोसळत असला तरी नाना 'पावसाची शक्यता आहे' असंच म्हणणार.

पण विचार करून बोलले म्हणजे मनापासून बोलले. शिवाय टेबलावर भिडू अडखळला तर त्या अडखळण्याचा अर्थ लावायचा नसतो, बोली तेवढी घ्यायची. मी तो नियम घरीही पाळते.

२ मार्च, बुधवार

नानांनी माझं नाव क्लबात कायमचं सभासद म्हणून घातलं. मी म्हटलं, "अहो, मी काय, दोन-चार महिने. पाहुणी म्हणून आहे ते ठीक आहे की." ते म्हणाले, "पाहुण्यांना खिडकीजवळचं टेबल देत नाहीत." त्यांचा कोण हट्ट त्या खिडकीचा. म्हटलं, राहू दे.

आणि आमची खोली रंगवायला काढतायत. कोणता रंग हवा, म्हणून मलाच विचारलं. मी गेल्यावर भाड्याने देणार असतील, मग रंग माझ्या आवडीचा कशाला? तरी मी फिकट हिरवा सांगितला.

आज चार इस्पिक मी एकटीने खेळून काढले, नानांचा हात मांडलेला होता. डोकं इतकं थंड राहिलं की माझं मलाच नवल वाटलं. मधल्या चहाच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाल्या, "फार धीराची आहेस गं तू." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, "अहो, किलवरचा एक्का नानांकडे होता म्हणून निभावलं." त्या बघतच राहिल्या. खेळाची खरी कदर असलेली माणसं इथेच भेटली मला.

२३ मार्च, बुधवार

आज नानांना दुखावलं.

मी एक इस्पिक म्हणून सुरुवात केली. नाना दोन किलवर. मी पुन्हा इस्पिक. नाना तीन चौकट. भिडूने असा नवा रंग काढला की तो प्रश्न असतो, त्यावर काहीतरी बोलावंच लागतं. हे मला पाठ आहे. पण माझा हात अगदी बेताचा होता. वाटलं, आणखी वर जाऊन तोंडघशी पडण्यापेक्षा इथेच थांबावं. मी पास म्हटलं. आणि नाना माझ्या दोन क्षुल्लक चौकटींच्या जिवावर तो डाव खेळत बसले. नंतर पानं एकत्र केली तर सहा इस्पिक सहज झाले असते.

वाटेत मी म्हटलं, "नाना, चुकलं. पण माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतंच."

"मला सांगायचं होतं," ते म्हणाले. "माझ्याकडे इस्पिक होते, चांगले चार. पण सगळं एकदम सांगता येत नाही. एकेक करत सांगावं लागतं, आणि तोवर समोरच्याने खेळ थांबवायचा नसतो."

पुढे पुलावर आलो. नदीवरून गार वारा येत होता आणि खालचं पाणी काळं होतं, त्यात दिवे वितळत होते. नाना कठड्याला टेकून उभे राहिले. म्हणाले, "तुझ्याशी एक बोलायचं होतं." मला वाटलं आता पुन्हा तीन चौकट. मी म्हटलं, "उद्या बोलू ना, नाना, हुडहुडी भरलीये." ते लगेच चालायला लागले.

(दोन दिवसांनी: ते बोलायचं दुसऱ्या दिवशी मी विसरले, आणि त्यांनीही विषय काढला नाही.)

१० एप्रिल, रविवार

तो शुक्रवारी आला आणि आज दुपारी गेला.

मी खुळ्यासारखी काय काय करून ठेवलं होतं. हिरवी खोली बघून म्हणाला, "छान आहे." पाठ दुखते म्हणून बाहेरच्या खोलीत कोचावर झोपला. मऊ गादी चालत नाही म्हणे त्याला आता. कोच तर गादीपेक्षा मऊ आहे, पण दुखणाऱ्या माणसाशी वाद कशाला घाला. नाना त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. काल मी क्लब बुडवणार होते. तो म्हणाला, "जा ना, जा, माझ्यासाठी अडू नकोस." नाना आधीच बूट घालून दारात उभे होते. मला दोघांचाही राग आला, पण गेले.

जाताना त्याने पुस्तकं नेली, कॅमेरा नेला, भिंतीवरचा शाळेतला फोटो नेला आणि जाड कोट नेला. म्हणजे घर ठरलं असणार, त्याशिवाय कोणी फोटो नेत नाही. मला चकित करायचं असेल म्हणून बोलला नाही. स्टेशनवर मी म्हटलं, "मग?" तो म्हणाला, "बोलू आपण." आणि माझ्या खांद्यावर थोपटलं, आपण दुसऱ्याच्या मुलाला थोपटतो तसं.

फक्त तो कोट काही कळला नाही. उन्हाळा तोंडावर आलाय. तिकडे उन्हाळ्यातही थंडी असते का, नानांना विचारायला हवं. हवामान त्यांचं खातं.

११ एप्रिल, सोमवार

विचारलं.

दुकानातून आले, नाना खिडकीशी होते. मी पिशवी ठेवता ठेवता म्हटलं, "नाना, तिकडे उन्हाळ्यात थंडी पडते का हो?"

"नाही," नाना म्हणाले.

मी थांबले. इतक्या वर्षांत नानांच्या तोंडून हवेबद्दल 'नाही' ऐकलं नव्हतं. ना शक्यता, ना बहुधा. ते वळले. त्यांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत, मलाच बसवलं.

"त्याने कोट नेला, कारण तो पुढच्या हिवाळ्यातही इथे येणार नाहीये. तुला नेणारही नाहीये. घर त्याने केव्हाच घेतलंय. त्यात तो एकटा राहत नाही."

मी विचारलं, "केव्हापासून?"

"तुझ्या सासूबाई होत्या तेव्हापासून. तिला माहीत होतं. तिने मला बजावलं होतं, सूनबाईला सांगा. मी म्हटलं, येईल ताळ्यावर, शक्यता आहे." मग म्हणाले, "तू सांग, असं मी त्याला दर फोनला म्हणत आलो. शुक्रवारी आला तो त्यासाठीच. आणि सांगायच्या आधी निघून गेला."

मी उठून चहा टाकला. दोन कप भरले आणि तसेच ठेवून खोलीत गेले. रंगाचा वास अजून जात नाही.

१३ एप्रिल, बुधवार

क्लबला गेले नाही. नानाही गेले नाहीत.

आता एकेक आठवतंय. डॉक्टरीणबाईंचे पाणी भरलेले डोळे. डॉक्टरांचं माझ्या पानांकडे न बघता माझ्याकडे बघणं. म्हणजे त्या अख्ख्या टेबलाला माहीत होतं. डॉक्टर नानांना विचारणार, सूनबाईंचं काय, आणि नाना उत्तर देणार. सगळ्यांना विचारायची मुभा, फक्त जिचं त्याच्याशी लग्न लागलंय आणि जी समोर बसलीय तिला बंदी. हा खेळ ज्याने काढला त्याला एकदा भेटायचंय मला.

आणि मी शहाणी, किलवरचा राजा कोणाकडे नाही ते ओळखत होते.

आईला फोन केला. ती रडली नाही, तिने एवढंच म्हटलं, "सामान बांध आणि ये. तुझी खोली आहे तशी आहे." रविवारी जायचं ठरवलं. नानांना जेवताना सांगितलं. ते म्हणाले, "बरोबर आहे." बस्स. दोन शब्द. बाकीचे तेरा शिल्लक ठेवले.

दुकानात आज एक आजोबा डोळे तपासायला आले होते. दर भिंगाला घाबरून विचारायचे, माझं उत्तर बरोबर आहे ना? मी म्हटलं, आजोबा, यात चूक-बरोबर नसतं, तुम्हाला जे दिसतं ते सांगायचं. ते म्हणाले, "मला काहीच नीट दिसत नाहीये." मला तिथेच रडू आलं. मालकीणबाईंनी मला मागच्या खोलीत नेऊन बसवलं.

१७ एप्रिल, रविवार

बॅगा दारात होत्या. ऊन खोलीभर पसरलं होतं आणि त्यात धूळ इतकी सावकाश तरंगत होती की सगळं घर झोपेत आहे असं वाटावं. मी बूट चढवत होते. नाना मागे येऊन उभे राहिले.

खरं तर मी वाट बघत होते. त्यांनी एकदा म्हणावं, राहा. कीव म्हणून म्हणाले असते तर मी राहिले नसते, पण म्हणायला काय हरकत होती? शेवटी मीच म्हटलं, "नाना, एक विचारते. मला पत्ते शिकवलेत, सभासद केलंत, खोली रंगवलीत. माझी दया आली म्हणून ना?"

"डॉक्टरांना मी तेच सांगत होतो," नाना म्हणाले. "तिला इथे चार माणसं जोडली जावीत, मग सांगू, म्हणजे तिला कमी लागेल. स्वतःलाही तेच सांगत होतो. ते खरं नाही."

"मग?"

"आधी सांगितलं असतं तर तू गेली असतीस."

मी बुटाची नाडी सोडून दिली.

"ती गेल्यापासून पाच वाजले की मला भीती वाटते," ते म्हणाले. "कसली ते सांगता येणार नाही. तू सहाला येतेस. तेवढा वेळ मी जिन्याकडे कान लावून बसतो. ढगबिग काही बघत नाही मी. म्हणून गप्प राहिलो. तुझे महिनेच्या महिने मी माझ्यासाठी वापरले. तुला हे माहीत असू दे, मग जा."

ते आत निघून गेले. मी दारात बसून राहिले.

राग आला, फार आला. माझा संसार मोडलाय हे ज्या माणसाने मला सांगायचं, तो मला नो ट्रम्प शिकवत बसला, का तर त्याला एकट्याला भीती वाटते. पण रागाच्या खाली दुसरं काहीतरी होतं आणि ते काय आहे हे कळायला मला वेळ लागला. वर्षभर मी वाट बघत होते की कोणीतरी म्हणेल, तू मला हवी आहेस. ऐकायचं होतं एकाकडून, ऐकलं दुसऱ्याकडून. पण ऐकलं. दया नव्हती ती.

गाडीची वेळ केव्हाच टळून गेली. मी बॅगा आत घेतल्या. आईला कळवलं की येते, पण चार दिवस राहायला, कायमची नाही.

२४ एप्रिल, रविवार

आईकडून काल परत आले. आज सकाळी आधी त्याला फोन केला. आवाज मी टेबलावरचा लावला होता, एकसारखा. म्हटलं, "मला सगळं कळलंय. उरलेलं सामान न्यायला येशील तेव्हा मला फोन करून ये. नानांना नाही, मला." तो काहीतरी समजावून सांगायला लागला. त्यात माझ्या उपयोगाचं काही नव्हतं. फोन ठेवल्यावर मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून पोटभर रडले आणि मग केस धुतले.

दुपारी नानांना समोर बसवलं. म्हटलं, "मी राहतेय. पण यापुढे माझी गोष्ट आधी मला, मग डॉक्टरांना. आणि आजवर जे जे पोटात ठेवलंय ते आत्ता बाहेर काढा. शक्यता वगैरे चालणार नाही."

नानांनी खिडकीकडे पाहिलं. मी उठून पडदा ओढला.

"तू दारं आपटतेस," ते म्हणाले.

"बरं."

"तू विणलेला तो स्वेटर टोचतो मला."

"बरं."

"तू काम करताना गातेस ते बेसूर असतं. पण मध्येच थांबतेस तेव्हा वाईट वाटतं."

मग त्यांना जो सूर सापडला तो सापडला. डॉक्टरांच्या विनोदांना ते उभ्या आयुष्यात एकदाही मनापासून हसलेले नाहीत. जिन्यावरचा दिवा मी लावायला विसरते, तो ते लावतात आणि मला वाटतं मीच लावला होता. हिरवा रंग त्यांना मुळीच आवडलेला नाही. सासूबाई त्यांच्यापेक्षा चांगल्या खेळायच्या आणि हे त्यांनी सासूबाईंना एकदाही म्हटलं नाही. मी हसत होते, डोळे पुसत होते, आणि बाहेर रस्त्यावर रविवारचं सगळं निवांत चाललं होतं. एवढी वाक्यं मी नानांच्या तोंडून लग्न झाल्यापासून ऐकली नव्हती.

मग ते थांबले. या वेळी मी त्या थांबण्याकडे नीट बघितलं. त्यांची बोटं टेबलाच्या कडेला घट्ट धरलेली होती.

"तो माझा मुलगा आहे," नाना म्हणाले. "पण मला तो आवडत नाही. लहान होता तेव्हापासून. मी ते कधी कोणाला कळू दिलं नाही. तुझं लग्न ठरलं तेव्हा तू किती खूश होतीस, आणि मी तेव्हाही काही बोललो नाही."

मी खुर्ची टेबलाच्या पलीकडून उचलून त्यांच्या बाजूला नेली आणि बसले. आम्ही दोघं एकाच दिशेला बघत बसलो.

"अजून आहे," ते म्हणाले. "सांगू?"

मी म्हटलं, "सांगा."